कुरवंड्यात बसून आफ्रिका: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिल्या प्रकारच्या लोकांना आफ्रिका हा एक देश वाटतो. दुसऱ्यांना तो खंड आहे हे ठाऊक असतं, पण त्या खंडात सिंह, वाळवंट आणि एक क्रिकेट टीम एवढंच राहतं असं वाटतं. दोघांनाही प्रवेश खुला आहे. आधीचं ज्ञान असल्यास ते दाराबाहेर काढून ठेवावं. शाळेत पाठ केलेली ‘प्रमुख पिके व खनिजे’ डोक्यात घोळत असली की बातमीतलं गाव सापडायला वेळ लागतो.

पद्धत सोपी आहे. सकाळी पेपर उघडायचा. जिथे उठाव, वेढा, ड्रोनहल्ला किंवा ‘ऐतिहासिक शांतता करार’ झाला असेल ते ठिकाण नकाशावर शोधायचं आणि तिथे बाहेरचं कोण आलंय, कशासाठी आलंय, एवढंच विचारायचं. वर्षभरात खंड पाठ होतो. भूगोल शिकण्यासाठी याहून जलद मार्ग आम्हाला माहीत नाही. तिथे राहणाऱ्यांना हा मार्ग फार महाग पडतो, पण अभ्यासक्रम आम्ही ठरवलेला नाही.

वर्ग कुरवंड्यात भरेल. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या बाजूने पुढे यावं. नागफणीच्या पायथ्याशी गाव आहे आणि गावापुढे जमीन संपून कोकण सुरू होतं. जागा मुद्दाम निवडली आहे. १६६१ च्या सुरुवातीला पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शायिस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात पाठवलं, आणि हा खान मावळातून येऊन याच कुरवंडे घाटाने खाली उतरला. बरोबर मोठी फौज होती आणि माहूरकडची मातब्बर सरदारीण रायबागनही होती. घाट उतरून आंबा नदीच्या खोऱ्यात, उंबरखिंडीत शिरल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुढची वाट शिवाजी महाराजांनी अडवली आहे, मागचीही अडवली आहे, दोन्ही बाजूंना रान आहे आणि प्यायला पाणी नाही. रायबागनने शरण जायचा सल्ला दिला. खानाने खंडणी भरली आणि तो जीव घेऊन परतला.

या मार्गदर्शिकेचा पायाच हा आहे. बाहेरून फौज घेऊन येणाऱ्याला भूगोल सगळ्यात शेवटी कळतो, आणि त्या मुलखाचं नाव जगाला कळतं तेही त्याच्या फौजेमुळेच. एरवी कुरवंड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात कशाला आलं असतं? पुढचा प्रत्येक पाठ या एका वाक्याचा विस्तार आहे. घाईत असलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

साहित्य

एक नकाशा, एक पेन्सिल, चिक्कीचा पुडा, मूठभर तूरडाळ आणि खोडरबर. खोडरबर अनिवार्य आहे.

नकाशा घेताना फसू नका. भिंतीवर टांगला जातो तो बहुधा मर्केटरचा, १५६९ सालचा, दर्यावर्दींच्या सोयीसाठी काढलेला. त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात ग्रीनलँडसारखी चौदा बेटं आफ्रिकेत मावतात. आफ्रिकन युनियनने ऑगस्ट २०२५ मध्ये हा नकाशा बदला म्हणणाऱ्या मोहिमेला पाठिंबा दिला, यावरून मामला किती जुना आणि किती जिव्हारी लागलेला आहे ते समजावं. तोवर मापाला आपला महाराष्ट्र वापरा. नायजर म्हणजे चार महाराष्ट्र. किन्शासावाला काँगो म्हणजे साडेसात. जिबूती म्हणजे दीड पुणे जिल्हा. संयुक्त राष्ट्रांत या खंडाचे ५४ सदस्य देश आहेत आणि अख्ख्या खंडात भारत नऊ वेळा बसतो.

नावांना घाबरायचं कारण नाही. ज्या माणसाला गावांतलं बुद्रुक आणि खुर्द आईच्या दुधाबरोबर कळतं, त्याला दोन काँगो जड जाऊ नयेत. नदी एकच आहे. अलीकडे किन्शासा, पलीकडे ब्राझाव्हिल, दोन राजधान्या समोरासमोर. मोठा काँगो बेल्जियमकडे होता, धाकटा फ्रान्सकडे. गिनी मात्र तीन आहेत: नुसता गिनी, गिनी-बिसाऊ आणि इक्वेटोरियल गिनी. पहिला फ्रेंचांचा, दुसरा पोर्तुगीजांचा, तिसरा स्पॅनिशांचा. शेजाऱ्यांच्या वाटणीत आपली भाषा ठरली, असं तिथल्या माणसाने म्हटलं तर ‘शेजारी कुठले, पाहुणे’ अशी दुरुस्ती करावी. नायजर-नायजेरिया आणि माली-मलावी यांना पाठांतराशिवाय इलाज नाही.

पाठ पहिला: पुडा उघडा

लोणावळ्याला आलेला माणूस काजू चिक्की आणि चॉकलेट फज घेतल्याशिवाय परत जात नाही. त्याला कुणीतरी सांगायला हवं की हा ऐवज अर्धाअधिक पश्चिम आफ्रिकेचा नकाशा आहे.

कोकणात, चंदगड-आजऱ्याकडे आणि गोव्यात काजूचे कारखाने आहेत, पण तिथे फोडलं जाणारं सगळं बी तिथल्या झाडांचं नसतं. स्थानिक बी कारखान्यांना पुरत नाही. कच्चा काजू बोटीने येतो आयवरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया आणि गिनी-बिसाऊहून. गिनी-बिसाऊ हा देश निर्यातीसाठी जवळजवळ पूर्णपणे काजूवर उभा आहे. तिथे २३ नोव्हेंबर २०२५ ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली, निकाल २७ तारखेला लागणार होता आणि २६ तारखेला लष्कराने सत्ता घेतली. निकालाची वाट पाहण्याचा ताण देशाला नको, असा विचार केला असावा. नकाशावर सेनेगलच्या खाली पेन्सिलने टिंब काढा. राजधानी बिसाऊ. पहिला देश झाला.

आता फज. आयवरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. २०१० च्या अखेरीस आयवरी कोस्टमध्ये अध्यक्ष बाग्बो निवडणूक हरले आणि खुर्चीवरून उठेनात. एप्रिल २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि फ्रान्सच्या हेलिकॉप्टरांनी त्यांच्या तळांवर मारा केला आणि ११ तारखेला ते पकडले गेले. त्यांची जागा घेतलेले वातारा ऑक्टोबर २०२५ मध्ये चौथ्यांदा निवडून आले, वयाच्या ८३ व्या वर्षी. परीक्षेत राजधानी यामुसुक्रो लिहावी. बातमी मात्र आबिजानमध्ये घडते.

तूरडाळीवर जास्त वेळ द्यावा लागेल, कारण इथे विद्यार्थी मास्तरांच्या पुढे असतात. डाळींच्या घाऊक बाजारात उभं राहून भाव ऐका: मटवारा, अरुषा, गजरी, मलावी, सुदान. भूगोलाचा तास चालू आहे असं वाटेल. मटवारा म्हणजे टांझानियाच्या दक्षिण टोकाचं म्त्वारा बंदर. अरुषा म्हणजे त्याच देशाच्या उत्तरेचं, किलिमांजारोजवळचं शहर. गजरी येते मोझांबिकहून. मलावीला समुद्र नाही, म्हणून मलावीची तूर मोझांबिकच्या नकाला नाही तर बैरा बंदरातून निघते. ज्या दलालाने आयुष्यात ॲटलास उघडला नाही त्याला हे सगळं तोंडपाठ असतं, कारण भाव पाच रुपयांनी हलला की त्याला तो हलवणाऱ्याचा पत्ता लागतो.

डाळी भडकल्या तेव्हा, २०१६ साली, भारताने मोझांबिकशी तूरखरेदीचा करार केला आणि पुढे तो वाढवून वर्षाला दोन लाख टनांवर ठेवला. २०२३ च्या शेवटी मोझांबिकच्या बंदरांत निर्यातदारांच्या आपसातल्या भांडणात तूर अडकली आणि आपल्याकडे वरणाची किंमत वाढली. ती सुटली तेव्हा लातूर-यवतमाळच्या शेतकऱ्याने कपाळाला हात लावला, कारण आयात माल आला की त्याचा भाव पडतो. तेव्हा नकालाची बातमी आनंदाची की दुःखाची हे वाचणारा ताटाच्या कोणत्या बाजूला बसलाय त्यावर ठरतं. असं उत्तर पुस्तकात नसतं.

त्याच मोझांबिकच्या उत्तर टोकाला काबो देल्गादो प्रांत आहे. तिथल्या समुद्रात प्रचंड वायुसाठा सापडला आणि ऑक्टोबर २०१७ पासून जिहादी बंडही पेटलं. यातलं कशामुळे काय झालं यावर विद्वानांचे वाद आहेत, पण प्रांतातल्या गरिबाच्या घरी गॅस पोचलेला नाही याबद्दल वाद नाही. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि फ्रान्सच्या टोटल कंपनीने तिथल्या वायुप्रकल्पाचं काम थांबवलं. या प्रकल्पात भारतीय सरकारी कंपन्यांचा वाटा ३० टक्के आहे, आणि त्यात आपली मुंबईची भारत पेट्रोलियम आहे. प्रांत सावरायला जुलै २०२१ मध्ये कोणाचे सैनिक आले? रवांडाचे. आता नकाशा पाहा: रवांडा मोझांबिकला लागून नाही, मधे अख्खा टांझानिया आहे. रवांडावर पेन्सिलने गोल करून ठेवा, तो लवकरच पुन्हा भेटेल.

पाठ दुसरा: रूळ कुठे जातात

नवशिक्याला एक नियम पाठ हवाच. आफ्रिकेतला जुना रेल्वेमार्ग गावाकडून गावाकडे जात नाही. खाणीकडून बंदराकडे जातो. रुळावर बोट ठेवून आत सरकत जा, टोकाला काय पुरलंय ते सापडेल.

अंगोलाच्या लोबितो बंदरापासून सुरुवात करा. तिथून सुमारे १,३०० किलोमीटरचा मार्ग काँगोच्या सीमेवर पोचतो, पलीकडे कातांगाचा तांब्याचा आणि कोबाल्टचा पट्टा. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी बहुतेक याच मोठ्या काँगोतून येतो. तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत त्यातला थोडा असू शकतो. हा मार्ग पोर्तुगीज काळात झाला, अंगोलाच्या यादवीत उखडला गेला, चिन्यांनी पुन्हा बांधला, आणि आता त्याला अमेरिका पैसे देते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बायडन स्वतः तिथे जाऊन आले. पूर्वेकडे तांब्याला दुसरी वाट आहे, झांबियातल्या कापिरी म्पोशीहून दार-ए-सलामला जाणारी १,८६० किलोमीटरची ताझारा, जी चीनने १९७० ते १९७५ मध्ये बांधली. म्हणजे एकाच तांब्याला पश्चिमेकडून एक महासत्ता ओढते आणि पूर्वेकडून दुसरी. खाणीत उतरणारा मजूर मात्र उभाच खाली जातो.

याच काँगोत १९६० साली स्वातंत्र्य आलं आणि अकरा दिवसांत कातांगा फुटून निघाला. खाणी बेल्जियन कंपनीच्या होत्या, भाडोत्री सैनिकही होते. पंतप्रधान लुमुंबांना जानेवारी १९६१ मध्ये ठार केलं गेलं. त्याच वर्षी ५ डिसेंबरला एलिझाबेथव्हिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढताना पडले. परमवीरचक्र मिळालेले संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतले ते एकमेव. एलिझाबेथव्हिलचं नाव आता लुबुंबाशी आहे. खोडरबर काढा.

पूर्व टोकाला किवू तलावाकाठी गोमा. जानेवारी २०२५ च्या शेवटी एम-२३ नावाच्या बंडखोरांनी ते घेतलं, फेब्रुवारीत बुकावू घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या पाठीशी रवांडा आहे. हो, तोच, गोल केलेला. मोझांबिकमध्ये शांतता राखणारा आणि काँगोत बंड पोसणारा देश एकच असू शकतो. हे ज्याला विसंगत वाटतं त्याने पाठ पहिला पुन्हा वाचावा. ४ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी ट्रम्प यांच्या साक्षीने करारावर सह्या केल्या. आठवडा उलटायच्या आत बंडखोर तांगानिका तलावाच्या टोकाशी असलेल्या उविरात शिरले. करार झाला की नकाशा लगेच उघडावा, शाई वाळेपर्यंत थांबू नये.

समुद्र नसलेल्या देशांचा पाठ मालीच्या राजधानीने, बामाकोने फुकट दिला. माली चारही बाजूंनी जमिनीत अडकलेला. पेट्रोल-डिझेल येतं डाकार आणि आबिजानकडून, हजार-बाराशे किलोमीटर रस्त्याने. सप्टेंबर २०२५ पासून अल-कायदाशी जोडलेल्या गटाने ते टँकर जाळायला सुरुवात केली. राजधानी न घेता राजधानी बंद पडली. ऑक्टोबरच्या अखेरीस देशभरातल्या शाळा दोन आठवड्यांसाठी बंद कराव्या लागल्या. पंप कोरडे पडल्यावर शहर किती दिवस चालतं, हे बोरघाटात वाहतूक तुंबली की दूध-भाजीच्या चिंतेने फोनाफोनी करणाऱ्या लोणावळेकराला समजवावं लागणार नाही.

आणि मालीत अशा गटांना रान मोकळं मिळालं कसं? थोडं वर, लिबियाकडे पाहा. मार्च २०११ मध्ये नाटो देशांच्या विमानांनी लिबियावर हल्ले सुरू केले, ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला गेला. त्याच्या पदरी असलेले तुआरेग सैनिक हत्यारांसकट सहारा ओलांडून मालीत परतले. २०१२ मध्ये उत्तर माली हातचा गेला, जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच फौज आली. त्रिपोलीत टाकलेला बॉम्ब टिंबक्टूत फुटला म्हणायचा. मधलं अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त आहे. वाळवंट एवढं सलग असतं हे बॉम्ब टाकणाऱ्यांच्या नकाशात दाखवलेलं नव्हतं बहुधा.

पाठ तिसरा: पाहुणे ओळखा

पाहुणा स्वतःला कधी पाहुणा म्हणत नाही. ‘प्रशिक्षक’ आले म्हणजे सैनिक आले. ‘सल्लागार’ आले म्हणजे सैनिक आले आणि खाणीचा करारही झाला. ‘स्थैर्य’ म्हणजे जुना अध्यक्ष. ‘संक्रमणकाल’ म्हणजे नवा लष्करशहा, मुदत वाढवून मिळेल. ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ हे वाक्य बहुधा एका बाजूला शस्त्रं विकणाराच म्हणतो.

सराव जिबूतीत करावा. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या या दीड पुणे जिल्ह्यात अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली यांचे लष्करी तळ आहेत आणि २०१७ पासून चीनचाही. आपापल्या दुर्बिणींतून एकमेकांना पाहतात. भाडं जिबूतीला. आम्ही पाहिलेल्या सगळ्या यजमानांत हा सर्वांत शहाणा.

पुढचा सराव उलट्या दिशेने, पाहुणे निघाले कुठून याचा. फ्रेंच सैनिक मालीतून २०२२ मध्ये गेले, बुर्किना फासोतून फेब्रुवारी २०२३ मध्ये, नायजरमधून त्याच वर्षी डिसेंबरात, चाडमधून जानेवारी २०२५ मध्ये, सेनेगलमधून जुलैत. नायजरच्या अगादेझजवळ अमेरिकेने वाळवंटात ड्रोनतळ बांधला होता, दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चून. २०२४ मध्ये तोही सोडावा लागला. गेलेल्यांच्या जागी मालीत रशियन आले. जुलै २०२४ मध्ये अल्जीरियाच्या सीमेवर तिन्झाऊआतेनला तुआरेगांनी त्यांची एक तुकडी वाळूच्या वादळात गाठून मोडली. खानाला झाडीने गाठलं, यांना वाळूने. युरेनियम असलेलं आर्लिट शहर अगादेझच्या उत्तरेला आहे, तेवढं आता टिंबाने दाखवाच. नायजरने २०२५ मध्ये फ्रेंचांची तिथली खाण राष्ट्रीय मालकीची केली.

सुदानसाठी स्वतंत्र वही लागते. १५ एप्रिल २०२३ ला दोन सेनापतींचं भांडण राजधानीच्या रस्त्यावर आलं. एकाच्या मागे इजिप्त, दुसऱ्याला अमिरातीची शस्त्रं पोचल्याचे आरोप. अमिराती ते नाकारते. खार्तूममध्ये विमानतळच रणांगण झाल्याने आपली माणसं पोर्ट सुदानपर्यंत बसने आणून, तिथून आयएनएस सुमेधासारख्या जहाजांनी जेद्दाला नेली गेली. सुमारे ३,८०० भारतीय सुटले. दारफूरमधलं एल फाशर दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी पडलं आणि त्यानंतर तिथे जी कत्तल झाली ती विनोदी मार्गदर्शिकेत लिहिण्यासारखी नाही. ठिकाण मात्र शोधा. चाडच्या सीमेपासून पूर्वेला.

पाहुण्यांच्या भूगोलज्ञानाचा कळस पाहायचा तर नामिबियाच्या नकाशाला ईशान्येकडे फुटलेलं ते लांब बोट पाहा. कापरिवी पट्टी. बर्लिनच्या परिषदेत, १८८४-८५ मध्ये, चौदा सत्तांनी एकाही आफ्रिकी माणसाला न बोलावता वाटणीचे नियम ठरवले होते. १८९० मध्ये जर्मनीने इंग्रजांशी सौदा करून साडेचारशे किलोमीटरची ही पट्टी मिळवली, कारण त्यातून झांबेझी नदी गाठून थेट हिंदी महासागरात उतरता येईल असा हिशेब होता. पट्टी जिथे संपते तिथून थोडं खाली व्हिक्टोरिया धबधबा आहे. शंभर मीटरहून उंच. चॅन्सेलर कापरिवींच्या नावाची पट्टी अजून तशीच आहे, बोट एकही गेली नाही.

पाठ चौथा: आपले पाहुणे

इथवर आलेल्या विद्यार्थ्याला वाटू लागतं की हस्तक्षेप करतात ते गोरे, चिनी किंवा अरब. पाठ चौथा त्यासाठीच आहे.

इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस याने व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून त्याने इंग्रज वकिलाला कैदेत टाकलं. सोडवायला फौज निघाली ती लंडनहून नव्हे, मुंबईहून. सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई इलाख्याच्या लष्कराचा मुख्य. तेरा हजारांच्या आसपास सैनिक, त्यात बहुसंख्य हिंदी. बरोबर ४४ हत्ती, आणि झुलाच्या किनाऱ्यावर टाकायला रेल्वेचे रूळही इकडूनच गेले. बोरघाटातून आगगाडी सुरू होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. सहाशेहून जास्त किलोमीटर डोंगर चढून १३ एप्रिल १८६८ ला त्यांनी मगदालाचा किल्ला घेतला. सम्राटाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. फौजेने हस्तलिखितं, मुकुट आणि सम्राटाचा लहान मुलगा बरोबर नेला, आणि एक जागासुद्धा ताब्यात न ठेवता परत फिरली. नेपियरबरोबर एक अधिकृत भूगोलतज्ज्ञ होता, क्लेमंट्स मार्कहॅम. कारतलबखानाला हे सुचलं नाही, नाहीतर खंडणी वाचली असती.

१९४१ मध्ये पुन्हा तिकडेच. इरिट्रियातल्या केरेनला इटालियन फौज डोंगरमाथ्यावर बसली होती आणि सुदानच्या सखल मुलखातून अस्माराच्या पठारावर चढणारा रस्ता आणि रूळ खालच्या अरुंद खिंडीतून जात होते. ४ थ्या आणि ५ व्या हिंदी डिव्हिजनने ती खिंड फोडायला फेब्रुवारी ते २७ मार्च घेतले. त्यांत मराठा पलटणीही होत्या, आणि केरेन हा त्यांचा युद्धसन्मान आहे. सह्याद्रीत वाढलेल्या पोरांना माथ्यावरचा शत्रू आणि पायाखालचे सुटे दगड नवे नव्हते. ते कोणाच्या बाजूने कोणाच्या देशात चढत होते हे विचारायची मात्र सोय नव्हती.

अलीकडचं हवं असेल तर पुण्याच्या औंधला जा. मार्च २०१९ मध्ये तिथल्या लष्करी केंद्रात १७ आफ्रिकी देशांच्या तुकड्यांनी आपल्या सैन्याबरोबर दहा दिवस सराव केला, शांतिरक्षण आणि सुरुंग काढण्याचा. यादीत सुदान होता, नायजर होता, बेनिनही होता. सराव संपल्यावर पंधरा दिवसांत सुदानच्या लष्कराने अध्यक्ष बशीर यांना हटवलं. मार्च २०२३ मध्ये दुसरा मोठा सराव पुण्यातच झाला, या वेळी पंचवीस देश. सुदानचं युद्ध एप्रिलमध्ये, नायजरचा उठाव जुलैमध्ये. बेनिनचा डिसेंबर २०२५ मध्ये फसला, कारण नायजेरियाची विमानं आणि फ्रेंच मदत वेळेत पोचली. औंधच्या सरावाचा यात काही दोष नाही, हे स्पष्ट केलेलं बरं. पण १७ देशांची ती यादी अभ्यासक्रम म्हणून उत्तम आहे.

समुद्राचा भाग इथे कुरवंड्याच्या वेशीवरच शिकवला जातो. आयएनएस शिवाजी १९४५ पासून नौदलाला इंजिनं चालवायला शिकवते, मित्रदेशांचे नौसैनिकही इथे येतात. इथे शिकलेले हात ज्या जहाजांच्या पोटात काम करतात ती २००८ पासून एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध फिरताहेत. २०११ मध्ये पकडलेले शंभराहून जास्त सोमाली वर्षानुवर्षं तळोजाच्या तुरुंगात होते. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ‘रुएन’ जहाज चाळीस तासांच्या कारवाईने थांबवलं, १७ खलाशी सोडवले आणि ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. चाचेगिरीला माफी नाही. पण १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळल्यावर तिथल्या किनाऱ्यावरची मासळी कोणकोणत्या देशांच्या ट्रॉलरनी उपसली, याची यादी करणं हा चांगला गृहपाठ आहे.

एक उलटं उदाहरण, तोंडाची चव बदलायला. सोळाव्या शतकात इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा अरबस्तानमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवलं, जे पुढे औरंगाबाद झालं. १६२४ मध्ये भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल-आदिलशाही फौजा बुडवल्या. परक्या मुलखाचा भूगोल आधी स्वतः शिकून मग लढणारा या संपूर्ण मार्गदर्शिकेतला हा एकटाच. तो राहायला आला होता, हाच काय तो फरक.

परीक्षा

वेळ आणि गुण नाहीत. एकच प्रात्यक्षिक. मावळातल्या तुमच्या मुलांच्या शाळेत जा आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहा. इजिप्तच्या खाली बोट ठेवा. तिथे एकच मोठा सुदान दिसत असेल तर तो नकाशा ९ जुलै २०११ पूर्वीचा आहे. त्या दिवशी दक्षिण सुदान वेगळा झाला, राजधानी जुबा. मुख्याध्यापकांना दोष देऊ नका. गावातल्या चार जणांनी मिळून शाळेला नवा नकाशा घेऊन द्या, शक्य तर मर्केटरचा नको.